उतारवय, परके पारपत्र आणि निवासाची नोंद

म्हैसूर हे सेवानिवृत्तांचे शहर म्हणून फार पूर्वीपासून ओळखले जाते. हवा माफक, रस्ते रुंद, झाडी भरपूर आणि दिनक्रमाची गती संथ, यांमुळे नोकरीची वर्षे अन्यत्र घालविलेली माणसे उतारवयात येथे घर बांधून राहतात. नोव्हेंबर महिना उजाडला की येथील बँकांमध्ये वृद्धांची वर्दळ वाढते. आपण हयात आहोत, असा दाखला निवृत्तिवेतनधारकाने वर्षातून एकदा द्यावयाचा असतो. २०१४ च्या नोव्हेंबरपासून हा दाखला बोटाचा ठसा घेऊन संगणकाद्वारेही देण्याची सोय झाली असली, तरी पुष्कळांना स्वतः जाऊन तोंड दाखविणेच अधिक विश्वासाचे वाटते. या प्रकारास माणसे हसतात, क्वचित चिडतातही, परंतु त्याची धास्ती कोणी घेत नाही. दाखला वेळेवर गेला नाही, तर वेतन थांबते आणि दाखला दिल्यावर ते पुन्हा सुरू होते. घर सोडा, देश सोडा, असे कोणी म्हणत नाही.

याच शहरात असेही काही वृद्ध राहतात, की ज्यांच्या कपाटात निराळ्याच प्रकारचे कागद जपून ठेवलेले असतात. त्यांचे पारपत्र दुसऱ्या देशाचे असते. त्यांना आपण हयात असल्याचा नव्हे, तर आपण येथे राहत आहोत ते कायदेशीर रीतीने, याचा पुरावा जवळ बाळगावा लागतो. हा पुरावा कोणत्या आधारावर उभा आहे, त्याची मुदत केव्हा संपते आणि ती वाढवून देण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न तरुणपणी गौण वाटतात. सत्तरीनंतर मात्र, जेव्हा परत जावयास दुसरीकडे घर उरलेले नसते, तेव्हा ते जीवनमरणाचे होऊ शकतात.

म्हैसूरमधील अशा रहिवाशांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग योगाच्या ओढीने आलेल्यांचा. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तिरुमलै कृष्णमाचार्य यांनी महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालविली. पुढे पुण्यास स्थायिक झालेले बी. के. एस. अय्यंगार हे याच परंपरेतले. ते १९३७ साली पुण्यास आले. कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य के. पट्टाभी जोइस यांनी १९४८ मध्ये म्हैसुरातच आपली संस्था स्थापन केली. १९६४ साली आंद्रे व्हॅन लिसबेथ हे बेल्जियन गृहस्थ त्यांच्याकडे शिकावयास आले आणि त्यानंतर पाश्चात्त्य विद्यार्थ्यांचा ओघ वाढत गेला. २००२ मध्ये ही शाळा लक्ष्मीपुरमहून गोकुलम भागात गेली. तेव्हापासून गोकुलममधील घरमालकांना ‘परदेशी भाडेकरू’ ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही. दुसरा वर्ग म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, पेरियापट्टण तालुक्यातील बैलकुप्पे येथे वसविलेल्या तिबेटी निर्वासितांचा; त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल. तिसरा वर्ग सर्वांत कमी डोळ्यांत भरणारा, कारण तो दिसावयास इतर शेजाऱ्यांसारखाच असतो. ही माणसे जन्माने भारतीय; अमेरिका, ब्रिटन, कॅनडा वा ऑस्ट्रेलिया येथे आयुष्य काढून, तेथील नागरिकत्व पत्करून, निवृत्तीनंतर परत आलेली. बेळगाव-धारवाडकडील मराठी कुटुंबेही अशा परतणाऱ्यांत असतात. भाषा, चेहरा, आहार, सणवार यांपैकी कशावरूनही ही माणसे परकी ठरत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती परकी असतात.

येथे एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारताच्या व्हिसाव्यवस्थेत ‘निवृत्त माणसाचा व्हिसा’ असा प्रकारच नाही. भारतीय व्हिसा विचारतो तो प्रयोजनाबद्दल: पर्यटन, शिक्षण, नोकरी, व्यापार, औषधोपचार, संशोधन. वृद्धपण शांततेत घालविणे हे त्याच्या लेखी प्रयोजन नव्हे. काही देशांनी याउलट धोरण स्वीकारले आहे. फिलिपीन्सने १९८५ सालीच परदेशी निवृत्तांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. थायलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी व्यक्तीस निवृत्त म्हणून एक वर्ष राहण्याची अनुमती मिळू शकते. त्यासाठी थाई बँकेत आठ लाख बाहत ठेव किंवा दरमहा पासष्ट हजार बाहत उत्पन्न दाखवावे लागते आणि दरवर्षी ही अनुमती नव्याने घ्यावी लागते. शिवाय दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता परदेशी नागरिकांच्या कचेरीस कळवावा लागतो. पुनःप्रवेशाचा परवाना न घेता देशाबाहेर पाऊल टाकले, तर वर्षभराची अनुमती त्याच क्षणी संपुष्टात येते. म्हणजे तेथे वार्धक्यास दार उघडे आहे, पण उंबरठ्यावर वर्षातून चार वेळा हजेरी द्यावी लागते. भारतात वार्धक्यास म्हणून दार नाही. जो आत येतो तो दुसऱ्या कोणत्या तरी नात्याने येतो आणि सगळी गुंतागुंत त्या नात्यातून उत्पन्न होते.

ज्याचे भारताशी रक्ताचे वा विवाहाचे नाते नाही, अशा परदेशी वृद्धाची स्थिती सर्वांत नाजूक असते. पर्यटक व्हिसा एक किंवा पाच वर्षांचा मिळाला, तरी त्यावर अखंड वास्तव्य करता येत नाही. सामान्यतः एका खेपेस नव्वद दिवस, काही थोड्या देशांच्या नागरिकांस एकशे ऐंशी दिवस, अशी मर्यादा असते. हा व्हिसा येथे राहून वाढवून मिळत नाही, की दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. आजारपणासारख्या अपवादात्मक प्रसंगी थोडी सवलत मिळते इतकेच. अल्प मुदतीचा योगाभ्यास पर्यटक व्हिसावर चालतो. दीर्घ अभ्यासक्रमासाठी निराळा व्हिसा लागतो. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या, तसेच पुदुचेरीजवळील ऑरोविल किंवा तत्सम आश्रमसमुदायात सामील झालेल्या परदेशीयांस ‘एंट्री व्हिसा’ नावाचा प्रकार उपयोगी पडतो. दीर्घकाळ येथे राहून वृद्ध झालेली अनेक पाश्चात्त्य माणसे याच प्रकारावर वर्षानुवर्षे मुदत वाढवीत आली आहेत.

मुदतवाढ आणि नोंदणी या दोन गोष्टी एकच आहेत, असा गैरसमज आढळतो. मुदतवाढ म्हणजे राहण्याच्या अनुमतीचा काळ वाढविणे. नोंदणी म्हणजे आपण कोण, कोठे आणि कशासाठी राहतो, याची शासनाकडे लेखी नोंद करविणे. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या काही व्हिसांवर आल्यापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. काही व्हिसांवर एकशे ऐंशी दिवसांहून अधिक काळ सलग राहावयाचे असेल तरच ती करावी लागते. यांपैकी कोणता नियम लागू आहे, हे बहुधा व्हिसावरच छापलेले असते. तो मजकूर बारीक अक्षरात असतो आणि उतारवयातील डोळ्यांना तो वाचून घेणारे कोणी जवळ नसते, ही अडचण क्षुल्लक वाटली तरी तिने अनेकांना गोत्यात आणलेले आहे.

ही नोंदणी जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाकडे आणि म्हैसूरसारख्या आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्ताच्या कार्यालयात करावयाची, अशी व्यवस्था दीर्घकाळ होती. मोठ्या शहरांसाठी ‘परदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालय’ असे. बंगळूरमध्ये ते आहे. २०१८ साली हे काम संगणकावर आणण्यात आले. आता अर्ज, छायाचित्र, पारपत्राच्या प्रती आणि निवासाचा पुरावा घरबसल्या पाठविता येतो, शुल्कही तसेच भरता येते, आणि विशेष कारण असल्याखेरीज कार्यालयात प्रत्यक्ष जाण्याचे कारण पडत नाही. वृद्धांना हा मोठाच दिलासा आहे. अडचण उरते ती पुराव्याची. भाड्याने राहणाऱ्यास रीतसर भाडेकरार आणि घरमालकाचे सहकार्य लागते, आणि पुष्कळ घरमालक करार लेखी करण्यास नाखूष असतात.

घरमालकाची स्वतःचीही एक जबाबदारी असते आणि तिची जाणीव फार थोड्यांना असते. परदेशी व्यक्तीस आपल्या घरात वा विश्रामगृहात उतरवून घेणाऱ्याने चोवीस तासांच्या आत तसे कळवावे, असा दंडक आहे. ही माहिती वर्षानुवर्षे ‘फॉर्म सी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यात दिली जात असे. हॉटेलवाले ती सवयीने देतात. आपल्या घराचा वरचा मजला एखाद्या वयस्क परदेशी बाईंना भाड्याने देणारा गृहस्थ ती देतोच असे नाही. पुढे मुदतवाढीच्या वेळी, या बाई येथे राहत होत्या याची नोंदच नाही, असे निघते.

या सर्व व्यवस्थेचा उगम युद्धकाळातील आहे. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा १९३९ सालचा आणि परदेशी नागरिकांविषयीचा मुख्य कायदा १९४६ सालचा. त्या कायद्यांची घडण संशयाच्या वातावरणात झाली आणि तो संशय त्यांच्या भाषेत उरला. ब्रिटिश व राष्ट्रकुलातील नागरिकांना बराच काळ निराळी वागणूक होती. १९५७ च्या दुरुस्तीने ‘भारताचा नागरिक नसलेला तो परदेशी’ अशी सरळ व्याख्या आली, तरी ब्रिटिश नागरिकांना व्हिसाची सक्ती झाली ती १९८४ मध्ये. हे जुने कायदे आता इतिहासजमा झाले आहेत. २०२५ साली संसदेने संमत केलेला आप्रवासन व परदेशी नागरिकविषयक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० या सालांचे चार कायदे त्याने रद्द केले. चौकट जुनीच राहिली; दंड मात्र जबर झाला. मुदत संपल्यावरही राहिलेल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वृद्धांच्या दृष्टीने त्यातील आणखी एक कलम ध्यानात घेण्याजोगे आहे: रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्या परदेशी रुग्णाची व त्याच्या सोबत राहणाऱ्याची माहिती देणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. ज्याची कागदपत्रे मागे पडली आहेत, त्याचा ठावठिकाणा विमानतळाच्या आधी रुग्णालयातच लागण्याचा संभव यामुळे वाढला आहे.

आता ज्या प्रश्नावर सर्वसामान्य माणसाची समजूत आणि कायदा यांत मोठे अंतर आहे, त्याकडे वळू. चाळीस-पन्नास वर्षे एखाद्या देशात प्रामाणिकपणे राहिले, दर वेळी वेळेवर परवानगी घेतली, एकही नोंद चुकविली नाही, तर त्या देशात राहण्याचा काही हक्क आपोआप निर्माण होतो, असे बहुतेकांना वाटते. कुळकायद्याची सवय असलेल्या महाराष्ट्रातील वाचकास तर हे स्वाभाविकच वाटेल. जो कसतो, वहिवाटतो, त्याचा हक्क हळूहळू रुजतो. परदेशी नागरिकाच्या निवासाला हा न्याय लागू पडत नाही.

लुई द राएट यांचे प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. हे बेल्जियमचे नागरिक १९३७ साली धर्मप्रचाराच्या कार्यासाठी भारतात आले. देश स्वतंत्र झाला, संविधान आले आणि ते येथेच राहिले. निवासाचे परवाने ते वेळोवेळी वाढवून घेत. १९८७ च्या जुलै महिन्यात, येथे येऊन अर्धशतक लोटल्यानंतर, त्यांची मुदतवाढ नाकारली गेली आणि त्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे, की २६ जानेवारी १९५० पूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ आपण भारतात राहत असल्याने संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाप्रमाणे आपण भारताचे नागरिकच झालो आहोत. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु त्या अनुच्छेदास केवळ वास्तव्य पुरत नाही. ‘अधिवास’ लागतो, आणि अधिवास म्हणजे कायमचे येथेच राहण्याचा निश्चय. जुलै १९९१ मध्ये दिलेल्या निर्णयात न्यायालयाने हा निश्चय सिद्ध झाला नसल्याचे म्हटले. परक्या पारपत्रावर, ठरावीक मुदतीच्या परवान्यांवर केलेला दीर्घ निवास हा त्या निश्चयाचा पुरावा ठरू शकला नाही. हॅन्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या १९५५ सालच्या खटल्यात परदेशी व्यक्तीस बाहेर काढण्याचा शासनाचा अधिकार निरपवाद असल्याचे सांगितले गेले होते. त्याचाच येथे पुनरुच्चार झाला. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण परक्यासही आहे, हे न्यायालयाने मान्य केले. देशात राहण्याचा व स्थायिक होण्याचा एकोणिसाव्या अनुच्छेदातील हक्क मात्र फक्त नागरिकाचा.

या निर्णयात एक विपरीतता आहे, ती नमूद केली पाहिजे. ज्याने कायदा पाळून दर वेळी मुदतवाढ मागितली, त्याच्या त्या अर्जांनीच तो तात्पुरता रहिवासी असल्याचे दाखवून दिले. तरी न्यायालयाचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही; कागद जे सांगत होता तेच त्याने वाचले. नोंदणी निवासाला संरक्षण देते, आणि तिच्यावाचून माणूस गुन्हेगार ठरतो. तिच्यातून हक्क मात्र जन्माला येत नाही. म्हैसुरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या परदेशी वृद्धाने मुदतवाढीच्या कागदांचा गठ्ठा कितीही मोठा झाला तरी त्याला घराचे खरेदीखत समजू नये.

परतून आलेल्या भारतीय वंशाच्या माणसांची गोष्ट निराळी. संविधान दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. परतणाऱ्यांसाठी प्रथम १९९९ मध्ये आणि मग सुधारित स्वरूपात २००२ मध्ये भारतीय वंशाच्या व्यक्तींचे कार्ड आले. २००२ च्या योजनेचे कार्ड पंधरा वर्षांचे असे आणि सलग एकशे ऐंशी दिवसांहून अधिक राहिल्यास नोंदणी करावी लागे. २००६ पासून ‘भारताचा परदेशस्थ नागरिक’ या नावाचे कार्ड मिळू लागले. ते ओ.सी.आय. या इंग्रजी आद्याक्षरांनीच सर्वत्र ओळखले जाते. ९ जानेवारी २०१५ रोजी जुनी योजना यात विलीन झाली. नावात ‘नागरिक’ हा शब्द असल्याने पुष्कळांची फसगत होते. हे नागरिकत्व नव्हे. हा आजन्म व्हिसा आहे, आणि कितीही काळ राहिले तरी नोंदणीतून दिलेली सूट आहे. मतदानाचा अधिकार नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन वा मळा विकत घेता येत नाही. म्हैसूरहून दोन-तीन तासांवरील कोडगूत कॉफीची छोटी बाग घेऊन राहण्याचे स्वप्न पुष्कळ निवृत्त माणसे पाहतात, ओ.सी.आय. कार्डावर ती बाग वारसाहक्काने मिळू शकते, खरेदीने नाही.

१९५० च्या २६ जानेवारीस किंवा त्यानंतर जो भारताचा नागरिक होता, तो या कार्डास पात्र असतो. त्याची मुले, नातवंडे, पतवंडेही असतात. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातील माणसेही पात्र आहेत. यामुळे पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या गोमंतकीयांनाही म्हातारपणी गावी परतण्याची वाट मोकळी राहते.

एका काल्पनिक पण सर्वसाधारण उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. मूळचे बेळगावचे एक अभियंते अमेरिकेचे नागरिक झाले आहेत. त्यांची पत्नी जन्माने अमेरिकन. निवृत्तीनंतर ते म्हैसुरात कुवेंपुनगर भागात घर घेतात. पतीचे काम सरळ आहे. भारतीय पारपत्र रीतसर परत केल्याचा दाखला जोडला की कार्ड मिळते; पुष्कळांनी ते जुने पारपत्र पूर्वीच हरवलेले असते आणि मग धावपळ सुरू होते. पत्नीलाही पतीच्या नात्याने कार्ड मिळू शकते. त्यासाठी विवाह नोंदणीकृत असावा लागतो आणि अर्जापूर्वी किमान दोन वर्षे अखंड टिकलेला असावा लागतो. यातील ‘नोंदणीकृत’ हा शब्द पुष्कळदा आडवा येतो. १९७०-७५ च्या सुमारास मंगल कार्यालयात झालेल्या लग्नांची नोंदणी करण्याचे कितीकांच्या मनातही आले नव्हते. त्याहून महत्त्वाचे असे, की विवाह अस्तित्वात असतानाच हा अर्ज व्हावा लागतो. ‘तुमचे आधी होऊ द्या, माझे सवडीने करू,’ असे म्हणून पत्नी थांबली आणि दरम्यान पती निवर्तले, तर हा मार्ग तिला बंद होतो. मग स्वतःच्या घरात राहणारी ती विधवा मुदतवाढीच्या अर्जांवर अवलंबून राहते. कार्ड आधी मिळालेले असेल, तर पतीच्या मृत्यूने ते रद्द होत नाही; घटस्फोटाने होते. अशा जोडप्यांनी घराच्या रंगरंगोटीआधी हे काम उरकावे, एवढे सांगण्याचा मोह आवरत नाही.

कार्ड हाती आल्यावरही काही बारीक कर्तव्ये उरतात. वयाची पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर नवे पारपत्र निघाले, की त्याची प्रत व ताजे छायाचित्र एकदा संगणकाद्वारे पाठवावयाचे असते. २०२१ पूर्वी यासाठी कार्डच नव्याने काढावे लागे, आणि ते नसल्याने विमानतळावरून परत फिरावे लागल्याच्या तक्रारी बऱ्याच होत्या. त्याच वर्षीच्या मार्चमधील अधिसूचनेनुसार भारतात नित्य राहणाऱ्या कार्डधारकाने कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यास ते ई-मेलने नोंदणी कार्यालयास कळवावयाचे आहे. धर्मप्रचार, पत्रकारिता, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते. कार्ड ‘आजन्म’ म्हटले तरी ते शासनाच्या इच्छेबाहेरचे नाही, याचा प्रत्यय मार्च २०२० मध्ये आला. साथीच्या त्या दिवसांत परदेशी असलेल्या कार्डधारकांची व्हिसाविना येण्याची सवलत स्थगित झाली. येथे असलेल्यांना मात्र धक्का लागला नाही. परदेशी पर्यटक व विद्यार्थी येथे अडकले, त्यांच्या व्हिसाची मुदत शासनाने विनामूल्य पुढे ढकलली. ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेप्रमाणे दोन वर्षे वा अधिक कारावासाची शिक्षा झाल्यास किंवा सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झाल्यास कार्ड रद्द होऊ शकते.

या ठिकाणी पैशाचाही उल्लेख करावयास हवा, कारण ‘रहिवासी’ हा शब्द दोन कायद्यांत दोन अर्थांनी येतो. नोंदणी कार्यालयाच्या दृष्टीने परदेशी असलेला माणूस आर्थिक वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस वा अधिक येथे राहिला, की प्राप्तिकराच्या दृष्टीने तो भारताचा निवासी होतो. दीर्घकाळ बाहेर राहून परतलेल्यास आरंभीची काही वर्षे थोडी सवलत असते इतकेच. नोंदणीतून सूट म्हणजे करातून सूट, असे समजणारे सुशिक्षित लोकही भेटतात. ब्रिटनहून परतणाऱ्यास आणखी एक गोष्ट माहीत असावी. तेथील सरकारी निवृत्तिवेतन भारतात मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. निवृत्तिवेतन मिळू लागल्यावर माणूस येथे आला, की आकडा त्या वेळी होता तेथेच गोठतो. वीस वर्षांत महागाईने त्याचे काय होते, हे सांगावयास नको.

बैलकुप्पेची कथा या सर्वांहून वेगळी आणि अधिक गंभीर आहे. तिबेटमधून आलेल्या निर्वासितांसाठी तत्कालीन म्हैसूर राज्याने येथे जमीन दिली आणि १९६०-६१ च्या सुमारास जंगल तोडून वस्ती उभी राहिली. १९६९ च्या सुमारास शेजारी दुसरी वसली. जी मुले तेव्हा आईबापांच्या पाठीवर आली, ती आज वृद्ध आहेत. त्यांच्याजवळ कोणत्याच देशाचे पारपत्र नाही. जवळ असते ते नोंदणी प्रमाणपत्र, आणि ठरावीक मुदतीनंतर ते नवे करून घ्यावे लागते. पूर्वी ही मुदत वर्षाची असे. आता दीर्घकाळच्या रहिवाशांना पाच वर्षांची मिळते. परदेशी जावयाचे तर ‘पिवळे पुस्तक’ म्हणून ओळखले जाणारे ओळखपत्र काढावे लागते. या वस्तीत रात्री मुक्काम करू इच्छिणाऱ्या परदेशी पाहुण्यासही विशेष परवाना लागतो. म्हैसुरातला परदेशी योगाभ्यासक दुपारी सुवर्णमंदिर पाहून संध्याकाळी परत येतो, त्याचे कारण हे.

१९५० च्या २६ जानेवारीपासून १९८७ च्या १ जुलैपूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. हा नियम तिबेटी मातापित्यांच्या मुलांनाही लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. त्यानंतर २०१७ साली शासनाने पारपत्र मागणाऱ्यांपुढे अटी ठेवल्या: नोंदणी प्रमाणपत्र परत करावे आणि नेमून दिलेल्या तिबेटी वस्तीत राहू नये. अटींचा अर्थ घराघरांत निरनिराळा झाला. एकाच घरात तिबेटमध्ये जन्मलेले आजोबा नोंदणी प्रमाणपत्रावर, १९७० मध्ये बैलकुप्पेत जन्मलेला मुलगा कायद्याने नागरिक, आणि १९९० नंतर जन्मलेला नातू पुन्हा वेगळ्या तपासणीस पात्र, अशी स्थिती होऊ शकते. मुलाने पारपत्र घ्यावयाचे ठरविले, तर म्हाताऱ्या बापाचे घर त्याला सोडावे लागते. तो सोडीत नाही, असे पुष्कळदा घडते आणि मग तोही बापाबरोबर नोंदणीच्या नूतनीकरणास जातो.

ओ.सी.आय. कार्डधारकाला मात्र आणखी एक पाऊल टाकता येते. नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे ज्याने कार्ड घेऊन पाच वर्षे झाली आहेत आणि अर्जापूर्वी जो बारा महिने भारतात राहत आहे, त्याला नोंदणीने पुन्हा भारताचा नागरिक होण्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज मान्य होण्याच्या टप्प्यावर परके नागरिकत्व सोडावे लागते आणि निष्ठेची शपथ घ्यावी लागते. येथे बहुतेक जण थबकतात. मुले-नातवंडे तिकडे असतात. त्यांच्याकडे जावयाचे म्हणजे आता आपणच व्हिसासाठी अर्ज करावयाचा, दूतावासाच्या दारात उभे राहावयाचे, मुलाखत द्यावयाची आणि सहा महिन्यांच्या आत परत यावयाचे. कुवेंपुनगरमधील ते अभियंते हा अर्ज संगणकावर अर्धा भरून ठेवतात आणि पत्नीला विचारून पुढे पाहू, असे म्हणतात.